विकराचा विराम

१९४९ च्या जून महिन्यात 'सायन्स' या अमेरिकन साप्ताहिकात लागोपाठ दोन छोटी टिपणं छापून आली. पहिलं ५५८ व्या पानावर सुरू होतं, दुसरं ५६० व्या पानावर. पहिल्यावर नावं आहेत हॉवर्ड गेस्ट आणि मार्टिन केमन. दुसऱ्यावर तीच नावं उलट क्रमानं. गेस्ट हे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले संशोधक विद्यार्थी आणि केमन त्यांचे मार्गदर्शक. पहिल्या टिपणाचा विषय एका तांबड्या जिवाणूतून उजेडात निघणारा हायड्रोजन, आणि दुसऱ्याचा विषय त्याच जिवाणूत नायट्रोजन पचवणारं विकर असावं, याचा पुरावा. दुसरं टिपण जेमतेम एका पानाचं आहे. त्या एका पानातून पुढच्या साठेक वर्षांत जे उलगडत गेलं, ते वाचताना चांगल्या कवितेपाशी थांबावं तसं थांबावंसं वाटतं. त्या थांबण्याचं कारण सांगायचा हा प्रयत्न आहे.

जिवाणूचं नाव ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम. १८८७ साली एस्मार्क या जर्मन शास्त्रज्ञाला तो मेलेल्या उंदरात सापडला. पुढे १९०७ मध्ये हान्स मोलिश यांनी जांभळ्या-तांबड्या जिवाणूंवर पुस्तक लिहिलं आणि याला आजचं नाव दिलं. तळ्याच्या गाळात, साचलेल्या पाण्यात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही पण थोडा उजेड झिरपतो अशा ठिकाणी हा राहतो. झाडासारखंच प्रकाशसंश्लेषण करतो, पण पाणी फोडत नाही, म्हणून ऑक्सिजनही सोडत नाही. काठोकाठ भरून घट्ट झाकण लावलेली बाटली साध्या पिवळ्या बल्बसमोर ठेवली, की दोनतीन दिवसांत पाणी आधी गुलाबी होतं, मग गडद, कोकमाच्या आगळासारखं लाल. बाटली उजेडाकडे धरून तिरपी केली तर तळाशी बसलेल्या पेशी धुरासारख्या वर उठतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर स्क्रूच्या आट्यांसारख्या वळलेल्या पेशी दोन्ही टोकांच्या शेपट्या फिरवत भराभर इकडेतिकडे जाताना दिसतात, आणि उजेडाच्या ठिपक्यातून अंधारात शिरताच दचकून मागे फिरतात.

गेस्ट यांच्या बाटल्यांत वायूचे बुडबुडे येत होते. त्यांनी जिवाणूला कार्बनसाठी सेंद्रिय आम्ल दिलं होतं आणि नायट्रोजनसाठी अमोनियम न देता ग्लुटामेट हे अमिनो आम्ल. या खाद्यावर उजेडात ठेवलं, की बुडबुडे. वायू तपासला तर हायड्रोजन निघाला. इथवरचं निरीक्षण म्हणजे पहिलं टिपण. एखादा संशोधक इथे थांबला असता तरी त्याचं काम चांगलंच म्हटलं गेलं असतं.

दुसरं टिपण पुढे गेलं ते वायू कधी थांबतो या प्रश्नामुळे. अमोनियम घातलं, की हायड्रोजन थांबायचा. हे एक वेळ समजण्यासारखं आहे. पेशीचं खाद्य बदललं, चयापचय बदललं. पण बाटलीवरच्या हवेत हेलियमसारखा निष्क्रिय वायू न भरता नायट्रोजन भरला, तरी हायड्रोजन दबायचा. खरा धक्का इथे होता. ऑक्सिजन हाकलायचा असला की प्रयोगशाळेत सर्रास नायट्रोजनच सोडतात, कारण तो कशाशी क्रिया करत नाही असं गृहीत असतं. ज्या वायूकडे सगळे रिकामी जागा भरणारा म्हणून पाहत होते, त्याच्या असण्यानं फरक पडतोय. गेस्ट-केमन यांनी याचा अर्थ असा लावला की हायड्रोजन सोडणारं आणि नायट्रोजन पचवणारं यंत्र एकच असलं पाहिजे. नायट्रोजन मिळाला तर इलेक्ट्रॉन तिकडे वळतात. नाही मिळाला तर तेच इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रोटॉनना मिळून हायड्रोजन होतो. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रॉबर्ट बरिस आणि सहकाऱ्यांनीही प्रकाशसंश्लेषी जिवाणू हवेतला नायट्रोजन घेतात हे दाखवून दिलं. तोवर ही गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती.

केमन यांच्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी १९४० मध्ये सॅम रुबेन यांच्यासोबत त्यांनी कार्बन-१४ शोधला. प्राचीन लाकडाचं, हाडांचं वय सांगणारी रेडिओकार्बन पद्धत त्या शोधावर उभी आहे. १९४४ मध्ये राजकीय संशयावरून त्यांना बर्कलीतल्या प्रयोगशाळेतून काढून टाकलं गेलं. त्यानंतर सेंट लुईसला आलेल्या या माणसानं जिवाणूच्या बाटलीतल्या बुडबुड्यांकडे इतक्या बारकाईनं पाहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

नायट्रोजनेज हे विकर समजून घेतल्याशिवाय त्याच्या थांबण्यातली गंमत कळणार नाही. हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं जखडलेले असतात. हेबर-बॉश पद्धतीनं खताचा कारखाना हा बंध तोडतो तेव्हा ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. जिवाणू हेच काम तळ्यातल्या पाण्याच्या तापमानाला करतो. मात्र किंमत मोजून. नायट्रोजनचा एक रेणू अमोनियात बदलायला आठ इलेक्ट्रॉन आणि किमान सोळा एटीपी लागतात, आणि तरीही हायड्रोजनचा एक रेणू वाया जातोच. एटीपी म्हणजे पेशीचं रोख चलन. या तांबड्या जिवाणूत ते उजेडावर तयार होतं. १९५४ साली आल्बर्ट फ्रेंकेल यांनी याच जिवाणूच्या पेशी फोडून, त्यातल्या पटलांच्या बारीक पुटकुळ्यांवर उजेड टाकून ते दाखवलं. या पुटकुळ्यांना क्रोमॅटोफोर म्हणतात. त्यांची गोष्ट पुढे परत येणार आहे.

विकराचे दोन भाग आहेत. मोठ्या भागात मॉलिब्डेनम आणि लोह असतं. नायट्रोजन तिथे फुटतो. लहान भाग लोहप्रथिनाचा. दोन तंतोतंत सारखे तुकडे एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्या मधोमध चार लोह आणि चार गंधक अणूंचा एक गुच्छ. या लहान भागाचं काम ने-आण करण्याचं. एक इलेक्ट्रॉन घ्यायचा, दोन एटीपी धरायचे, मोठ्या भागाला जाऊन चिकटायचं, इलेक्ट्रॉन हवाली करायचा, एटीपी खर्च करायचे, सुटायचं, परत यायचं. अशा आठ फेऱ्या झाल्या की एक नायट्रोजन पचतो. फेरी इतकी संथ आहे की पेशीला हे विकर प्रचंड प्रमाणात बनवून ठेवावं लागतं. त्यात भर म्हणजे ऑक्सिजनचा स्पर्श झाला तर ते कायमचं बाद होतं. इतकं महाग, इतकं मंद, इतकं नाजूक यंत्र पेशी का बाळगते? कारण उपासमारीच्या वेळी त्याला पर्याय नसतो.

आता असं समजू की बाहेरून आयता अमोनिया आला. कुठून तरी कुजकं वाहून आलं, पाऊस पडून शेतातलं खत तळ्यात उतरलं. आता एका रेणूमागे सोळा एटीपी जाळण्यात अर्थ नाही. पेशी काय करील? सरळ उपाय म्हणजे विकराच्या जनुकांचं वाचन बंद करणं. ते ती करतेच. पण नवं बनवणं थांबलं तरी आधी बनलेलं विकर पेशीत भरून राहतं आणि एटीपी खात बसतं. दुसरा उपाय, ते मोडून टाकणं. पण उद्या अमोनिया संपला तर पुन्हा पहिल्यापासून बांधणी करायची, तीही नायट्रोजनच्या टंचाईत, आणि प्रथिनं बांधायला लागतो तो नायट्रोजनच.

ऱ्होडोस्पिरिलम विकर मोडत नाही, हे १९७० च्या दशकात आलेखावर दिसलं. त्या काळी नायट्रोजनेज मोजायची सोपी युक्ती सापडली होती. वेल्डिंगच्या दुकानात वापरतात तो असिटिलिन वायू या विकराला दिला तर त्याचा इथिलिन होतो, आणि इथिलिन गॅस क्रोमॅटोग्राफवर चटकन मोजता येतो. उजेडात ठेवलेल्या बाटलीच्या रबरी बुचातून दर काही मिनिटांनी सिरिंजनं थोडा वायू ओढायचा आणि यंत्रात सोडायचा. कागदावर इथिलिनची रेघ तिरपी, सरळ, वर चढत जाते. मग अमोनियम क्लोराइडचे काही थेंब टोचायचे. काही मिनिटांत रेघ आडवी पडते. आडवी म्हणजे अगदी आडवी, जणू विकर तिथे नाहीच. पेशी आपल्या वेगानं अमोनियम खात राहतात. ते संपलं, की रेघ पुन्हा वर वळते. अमोनियम जास्त घातलं असेल तर आडवा भाग लांब, कमी घातलं असेल तर आखूड. आणि सगळ्यात बोलका तपशील असा, की पुन्हा चढणारी रेघ पहिल्याइतक्याच तिरकसपणे चढते. विकर मोडलं असतं आणि नव्यानं बांधलं जात असतं, तर रेघ आधी हळू, मग जोरात, अशी वाकत वर गेली असती. ती वाकत नाही. म्हणजे विकर तिथेच होतं, शाबूत होतं, आणि तेवढ्यापुरतं निःशब्द होतं. अमोनियम न घालता नुसता दिवा मालवला तरी या जिवाणूत हेच घडतं. उजेड नाही तर एटीपी नाही. मग असलेल्या एटीपीवर डल्ला मारणारं यंत्र आधी गप्प करायचं.

हा आलेख माझ्या दृष्टीनं या सगळ्या कहाणीतली सर्वांत सुंदर ओळ आहे. एक तिरपी, एक आडवी आणि पुन्हा एक तिरपी रेघ, यापलीकडे तिच्यात काही नाही. पण पेशीनं आपली सगळ्यात महाग चीज जपली, हे त्यात पूर्ण सांगून झालंय. कसं जपलं, ते मात्र आलेख सांगत नाही.

ते कळलं एका कटकटीतून. जिवंत पेशीत उत्तम चालणारं हे विकर, पेशी फोडून रस काढला की विचित्र वागायचं. आधी जवळजवळ मृतवत, मग हळूहळू वेग घेणारं. विकरांवर काम करणाऱ्यांना अशा रेघा आवडत नाहीत. मोजमाप सरळ रेघेत यावं अशी अपेक्षा असते. रस सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून त्यातली पटलं खाली बसवली आणि वरचा नितळ रस घेतला, तर विकर जागंच व्हायचं नाही. शुद्धीकरण करणाऱ्याला नितळ रसच हवा असतो. खालचा तांबडा गाळ तो टाकून देतो.

विस्कॉन्सिनच्या बरिस यांच्या प्रयोगशाळेतल्या पॉल लडन या तरुणानं तो गाळ टाकला नाही. १९७६ मध्ये त्याचा आणि बरिस यांचा लेख आला, तो क्रोमॅटोफोरच्या पटलाला चिकटलेल्या एका घटकाबद्दल. पटलं मिठाच्या पाण्यानं धुतली की हा घटक सुटून येतो. झोपलेल्या लोहप्रथिनाला हा घटक, एटीपी आणि थोडं मँगनीज दिलं, की ते जागं होतं. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या स्टेफान नॉर्डलुंड आणि सहकाऱ्यांनीही या जिवाणूच्या नायट्रोजनेजला पटलातला एक घटक आवश्यक असतो असं प्रसिद्ध केलं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर लोक एकाच गाळात हात घालून बसले होते.

या कामातला एक तपशील पुढे कळलेल्या गोष्टींच्या उजेडात पुन्हा वाचण्यासारखा आहे. रसात विकर झोपलेलं का मिळायचं? पेशी गोळा करताना त्यांना बल्बसमोरून उचलून सेंट्रिफ्यूजच्या बंद भांड्यात टाकलं जातं. उजेडावर जगणाऱ्या पेशीला ती रात्रच. शिवाय कोणत्या खाद्यावर वाढवलं त्यावरही फरक पडायचा; नायट्रोजनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशींतून जागं विकर मिळायचं, ग्लुटामेटवर पोसलेल्यांतून झोपलेलं. संशोधकाच्या हाती आलेला रस म्हणजे पेशीच्या शेवटच्या क्षणाची नोंद होती. ती नोंद बिघाड समजून पुसून टाकली गेली असती तर पुढचं काहीच कळलं नसतं.

झोप नेमकी कशामुळे, हे कळायला आणखी नऊ वर्षं गेली. १९७९ मध्ये लडन आणि बरिस यांनी दाखवलं, की विकर जागं होताना त्याच्यावरून अडेनीनसारखा काही रेणू सुटतो. साखर, फॉस्फेट, अडेनीन यांचे धागे हाती लागत होते, जोडणी नव्हती. १९८५ मध्ये पोप, मरेल आणि लडन यांनी जोडणी सांगितली. लोहप्रथिनातल्या १०१ क्रमांकाच्या अमिनो आम्लावर, अर्जिनिनवर, एडीपी-रायबोज चिकटलेला असतो. एनएडी नावाच्या, प्रत्येक पेशीत विपुल असणाऱ्या रेणूतून तो तुकडा तोडून इथे बसवलेला असतो.

जेलवर हे डोळ्यांनी दिसतं. प्रथिनाचे दोन तुकडे वेगळे करून विजेच्या ओढीनं जेलमधून पळवले, तर जाग्या विकराची एकच पट्टी उमटते. दोन्ही तुकडे सारखेच, दोघांचा वेग सारखा. झोपलेल्या विकराच्या मात्र दोन पट्ट्या दिसतात, एक जुन्याच जागी, दुसरी किंचित वर, मागे रेंगाळलेली. म्हणजे खूण दोनपैकी एकाच तुकड्यावर आहे. दुसरा कोरा. या दोन निळ्या पट्ट्यांतलं अंतर जेमतेम दिसण्याइतकं असतं, आणि त्या अंतरातच सगळा अर्थ आहे.

एकाच तुकड्यावर का? १९९२ मध्ये अझोटोबॅक्टरच्या लोहप्रथिनाची रचना स्फटिकातून कळली, १९९७ मध्ये ते मोठ्या भागाला बिलगलेल्या अवस्थेत दिसलं, तेव्हा उत्तर स्पष्ट झालं. तो अर्जिनिन बरोबर तिथे बसतो जिथे लहान भाग मोठ्या भागाला टेकतो, धातूच्या गुच्छाशेजारी, दोन्ही तुकड्यांच्या मधल्या आसाजवळ. तिथे एक उंचवटा आला की टेकणं अशक्य होतं. दुसऱ्या उंचवट्याला जागाही नाही आणि गरजही नाही. घाटात चढावर उभ्या राहिलेल्या ट्रकचा क्लिनर खाली उडी मारून एका चाकाखाली दगड सरकवतो. इंजिनाला हात लागत नाही, माल उतरवावा लागत नाही, सगळ्या चाकांना दगड लागत नाहीत, आणि निघायच्या वेळी दगड काढायला क्षणही पुरतो. साठेक हजार डाल्टनच्या प्रथिनावर साडेपाचशे डाल्टनची खूण, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. तेवढ्यानं सोळा एटीपीची उधळपट्टी थांबते.

खूण ठेवणारं आणि खूण काढणारं, अशी दोन वेगळी विकरं आहेत. लांबलचक नावांच्या आद्याक्षरांवरून प्रयोगशाळेत त्यांना ड्रॅट आणि ड्रॅग म्हणतात. ड्रॅट खूण ठेवतं, ड्रॅग काढतं. १९७६ चा तो पटलातला घटक म्हणजेच ड्रॅग. दोघंही पेशीत अतिशय थोड्या प्रमाणात असतात, म्हणून त्यांना शुद्ध रूपात हाती घ्यायला १९८० च्या दशकाची मध्ये-मध्ये अडखळणारी वर्षं लागली. दोघांची आवडनिवड ठरलेली आहे. लोहप्रथिनानं एडीपी, म्हणजे खर्च झालेला एटीपी, धरलेला असेल तर ते ड्रॅटच्या हाती लागतं. एटीपी धरलेला असेल तर ड्रॅगला काम करता येतं. म्हणजे चलन संपलेलं असताना खूण पडण्याची शक्यता वाढते, चलन खेळतं असताना ती निघण्याची. पण एवढ्यावर भागत नाही. ड्रॅट आणि ड्रॅग एकाच वेळी जोमात असतील तर खूण पडते-निघते, पडते-निघते, आणि प्रत्येक फेरीत एक एनएडी वाया जातो. म्हणून एक जागं असेल तेव्हा दुसरं आवरलेलं असावं लागतं.

इथे या रचनेचा मला सर्वांत भावणारा भाग येतो. पेशीत नायट्रोजनची टंचाई आहे की सुबत्ता, हे पी-टू गटातली छोटी प्रथिनं ओळखतात. टंचाईत त्यांच्या अंगावर एक न्यूक्लिओटाइड जोडलेलं असतं. अमोनियम आलं की ग्लुटामिन वाढतं आणि ते न्यूक्लिओटाइड काढून घेतलं जातं. अशी मोकळी झालेली पी-टू प्रथिनं दोन कामं करतात. काही ड्रॅटला जाऊन मिळतात आणि त्याला उठवतात. काही पेशीच्या पटलावर अमोनियम आत घेणाऱ्या दारापाशी जाऊन चिकटतात, आणि ड्रॅगलाही तिथे बांधून ठेवतात. ड्रॅग नष्ट होत नाही, त्याचं काही बिघडत नाही. त्याला फक्त लोहप्रथिनापासून दूर, पटलापाशी अडकवून ठेवलं जातं. अमोनियम संपलं, की दारापाशी जमलेली मंडळी पांगतात, ड्रॅग मोकळं होतं आणि विकरामागून विकरावरच्या खुणा काढत जातं.

१९७६ मध्ये तो घटक पटलातच का सापडला, याचंही एक उत्तर इथे मिळतं. गाळात बसलेलं ड्रॅग म्हणजे रजेवर पाठवलेलं ड्रॅग. विकराला थांबवण्यासाठी त्याच्यावर एक खूण, आणि खूण काढणाऱ्याला थांबवण्यासाठी त्याच्या जागेचा बदल. दोन्ही ठिकाणी नाश टाळलेला, दोन्ही ठिकाणी परतीची वाट उघडी. मला हा जिवाणू आवडतो तो या सातत्यामुळे. एखाद्या लेखकाला एक भूमिका सापडली आणि त्यानं ती शेवटच्या वाक्यापर्यंत सोडली नाही, तर वाचणाऱ्याला जे समाधान मिळतं, ते इथे मिळतं.

२००९ मध्ये स्टॉकहोमच्याच संशोधकांनी ऱ्होडोस्पिरिलमच्या ड्रॅगची रचना प्रसिद्ध केली. त्याच्या कार्यस्थानी दोन मँगनीज अणू शेजारी-शेजारी बसलेले आहेत. रसाला मँगनीज घातल्याशिवाय विकर जागं होत नाही, या तेहतीस वर्षांपूर्वीच्या नोंदीचं ते छायाचित्र म्हणायला हरकत नाही.

अर्जिनिनवर एडीपी-रायबोज ठेवण्याची हीच कृती निसर्गात दुसरीकडे भीषण रूपात भेटते. पटकीचा जिवाणू जे विष सोडतो, त्याचं काम नेमकं हेच. आपल्या आतड्याच्या पेशीत एका संदेशवाहक प्रथिनाच्या अर्जिनिनवर ते एडीपी-रायबोज चिकटवतं, ते प्रथिन सतत चालू राहतं, आणि पेशी पाणी व क्षार बाहेर ओतत राहते. हे विष पटकीचा जिवाणू स्वतः पेशीबाहेर सोडतो, हे १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं. त्याआधी किती पिढ्या या रोगानं खाल्ल्या, आपल्याकडच्या गावोगावच्या मरीआईच्या ठाण्यांना विचारावं. रसायन तेच, खूण तीच, अमिनो आम्लही तेच. फरक एवढाच की पटकीचं विष आपल्याबरोबर खूण पुसणारा आणत नाही. ऱ्होडोस्पिरिलम ही खूण स्वतःवरच ठेवतो, आणि ठेवणाऱ्याबरोबर पुसणारा बाळगतो.

सगळ्याच नत्र स्थिरीकरण करणाऱ्या जिवाणूंत ही जोडी नसते. क्लेबसिएलात नाही, अझोटोबॅक्टरमध्ये नाही. पण त्यांच्याही लोहप्रथिनात तो अर्जिनिन त्याच जागी आहे, आणि परीक्षानळीत ड्रॅट त्यांच्या लोहप्रथिनावरही खूण ठेवू शकतं. १९८९ मध्ये तर ऱ्होडोस्पिरिलमच्या ड्रॅटचं जनुक क्लेबसिएलात घातलं गेलं आणि ते तिथे काम करू लागलं. थांबण्याची जागा सगळ्यांच्या विकरात आहे. तिचा वापर करायची सोय काहींनीच केली. मोठ्या भागाला टेकायला तो अर्जिनिन लागतोच, म्हणून तो कुणालाच बदलता येत नाही. ड्रॅटनं नेमकी हीच जागा हेरली, यात उत्क्रांतीची अचूक नजर दिसते.

हायड्रोजन हवा असणाऱ्या तंत्रज्ञांना मात्र हा विराम अडथळा वाटतो. साखर कारखान्याचं किंवा दुधाच्या डेअरीचं सांडपाणी अशा जिवाणूंना देऊन उजेडात हायड्रोजन मिळवायचा, तर त्या पाण्यातलं अमोनियम विकर बंद पाडतं. म्हणून ऱ्होडोस्यूडोमोनास पालुस्ट्रिस या तांबड्या जिवाणूचे असे वाण निवडले गेले आहेत, ज्यांत नायट्रोजनेज बनवण्याचा आदेश कायम चालू राहतो आणि अमोनियम असतानाही हायड्रोजन निघत राहतो. काम उपयोगी आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण असा वाण तळ्यात सोडला तर तो टिकेल असं वाटत नाही. बाटलीतल्या सुरक्षित उजेडात त्याची उधळपट्टी आपण पोसतो म्हणून तो जगतो.

आपल्या शेतकऱ्याला यातलं एक भावंड ओळखीचं आहे. अझोस्पिरिलम या नावानं जिवाणू खताची जी पाकिटं आणि बाटल्या कृषी विद्यापीठांतून आणि कृषी सेवा केंद्रांतून मिळतात, ज्वारी, बाजरी, ऊस यांच्या बियाण्याला किंवा बेण्याला चोळली जातात, त्यातला जिवाणू ऱ्होडोस्पिरिलमचाच नातेवाईक. तो प्रकाशसंश्लेषण करत नाही, पण ड्रॅट आणि ड्रॅग त्याच्याकडेही आहेत, आणि पी-टू प्रथिनांचा तोच कारभार. त्याच्या ड्रॅगची रचनाही २००९ सालीच समोर आली. पाकिटावर ठळक छापलेलं असतं, की हे खत रासायनिक खतांत मिसळू नये. मिसळल्यानं जिवाणू मरतात, हे त्याचं पहिलं कारण. पण जे जगतात त्यांच्या मुळाशी युरियाचं अमोनियम पोचलं, की काही मिनिटांत एका अर्जिनिनवर खूण पडते आणि विकर थांबतं. नत्र स्थिर करायला सोडलेला जिवाणू मग मुळाजवळ जिवंत असतो, पण नत्र स्थिर करत नाही. युरियाचा हप्ता केव्हा आणि किती द्यायचा, हे ठरवताना जमिनीतल्या या विरामाचा हिशेब धरावा लागतो.